ठसा अस्पष्ट

ती घटना आठवली की आजही मला आधी माझं लाल पेन आठवतं आणि मग त्या बाई. खरं तर क्रम उलटा हवा, पण चूक त्या पेनाची होती, म्हणजे माझीच.

जीपवर शासनाची पाटी असल्यामुळे लोक मला पोलीसच समजत. प्रत्यक्षात मी श्रम खात्यातला अधिकारी. नोकरीची शेवटची वर्षं उज्जैनमध्येच काढली. हाताखाली तीन निरीक्षक होते. दुकानं, हॉटेलं, कारखाने इथे जाऊन हजेरी, मजुरी, कामाचे तास तपासायचे आणि कामगारांचे जबाब आणायचे, हे त्यांचं काम. आणलेला प्रत्येक कागद नीट आहे की नाही हे बघणं माझं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दरबाराचं दप्तर सांभाळलेलं, त्यामुळे नीटनेटक्या कागदाचं वेड माझ्या रक्तातच होतं. त्यात एकदा एक चांगलं प्रकरण जबाबावरचा अंगठा पुसट होता म्हणून सुनावणीत पडलं. वकिलाने भर कचेरीत माझी टर उडवली होती. तेव्हापासून मी पुसट ठसा दिसला की लाल पेनाने लिहायचो, 'ठसा अस्पष्ट, पुन्हा घ्यावा', आणि कागद परत. निरीक्षक पाठीमागे मला 'ठसेवाले साहेब' म्हणत. मला माहीत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मनातून बरंही वाटायचं.

एका मंगळवारी जनसुनवाईत, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायच्या दिवशी, त्या बाई आल्या. वय चाळिशीच्या आसपास, डावा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये. नानाखेडा बसस्टँडच्या मागे एक लॉन्ड्री होती, तिथे त्या कामाला होत्या. महाकालच्या दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी वाढली तशी हॉटेलं वाढली, आणि त्या हॉटेलांच्या चादरींचे डोंगर या लॉन्ड्रीत धुतले जात. चादरी गरगर फिरवून पाणी काढणारं मोठं मशीन असतं, त्यात ओली चादर बाईंच्या हाताला गुंडाळली गेली आणि हात आत ओढला गेला. हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. ऑपरेशन व्हायचं होतं, आणि डॉक्टर म्हणाले होते की उशीर झाला तर बोटं कायमची आखडतील.

"मालक कहता है मैं तो दिवाली के पहले ही काम छोड़ गई थी," बाई म्हणाल्या. "साहब, मेरा हाथ क्या फिर घर बैठे टूटा?"

दिवाळी होऊन चार महिने झाले होते. बाई कामावर होत्या हे ठरलं तरच इलाजाचा खर्च आणि भरपाई मालकावर बसणार होती. नाही ठरलं तर हात गेल्यातच जमा होता.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः लॉन्ड्रीत गेलो. मालक कपाळाला भस्म लावलेला, गोड बोलणारा. माझा अनुभव असा की चौकशीला गेल्यावर जो आधी चहा मागवतो त्याच्याकडे जरा जास्त वेळ बसावं. त्याने चहाबरोबर कचोरीपण मागवली. मग मुनीमने मजुरीचं रजिस्टर समोर ठेवलं. बाईंच्या नावापुढे दिवाळीआधीची तारीख, 'हिसाब पूरा मिला, काम छोड़ा', आणि खाली अंगठा. ठसा असा स्वच्छ की रेघ न् रेघ मोजावी. आत चादरी टाकणाऱ्या सात-आठ बायकांना विचारलं, तर सगळ्यांच्या माना खाली. "हमको नहीं मालूम, साहब." त्यांचीही चूल त्याच मालकावर पेटत होती, त्यांना काय दोष देणार?

खरं सांगतो, तो ठसा बघून मी मनात प्रकरण जवळजवळ मिटवून टाकलं होतं. बाई खोटं बोलत असतील असं वाटायला लागलं. इतका सुबक कागद खोटा कसा असेल?

तरी रीत म्हणून बाईंचा जबाब घ्यायला त्यांना ऑफिसात बोलावलं. जबाब लिहून झाला, वाचून दाखवला, शाईचा पॅड पुढे केला. बाईंनी उजवा अंगठा टेकवला. कागदावर नुसता निळा डाग. सवयीने मी म्हणालो, "दुबारा लगाओ." पुन्हा डाग. तिसऱ्यांदा मी स्वतः त्यांचा अंगठा धरून दाबला. पुन्हा तेच.

बाई भडकल्या. "कितनी बार दबवाओगे, साहब? लकीरें हों तब तो आएँगी! बारह साल से कास्टिक और ब्लीच में हाथ हैं. राशन की मशीन भी मेरा अँगूठा नहीं लेती, हर बार मेरी बहू जाती है."

मी तो अंगठा उजेडात धरून पाहिला. आंघोळीच्या साबणाची वापरून झिजलेली चकती असते ना, तसा गुळगुळीत. त्यावर रेघ नव्हती. ज्यांच्या बोटावर एक रेघ नाही त्यांचा रजिस्टरमध्ये इतका देखणा ठसा आलाच कुठून?

रजिस्टर जप्त करून आणलं आणि भिंग घेऊन बसलो. महिनोन्‌महिने सगळ्या बायकांच्या नावापुढे ठसे होते, सगळे स्वच्छ, आणि प्रत्येक ठशात मधोमध एक तिरपी बारीक रेघ. जुन्या कापल्याची खूण. आठ बायका आणि अंगठा एकच!

मुनीमला बोलावलं. मी काही दमदाटी केली नाही. फक्त म्हणालो, "मुनीमजी, रजिस्टर जप्ती की पावती पे अँगूठा लगा दीजिए." तो म्हणाला, "साहब, मैं तो दस्तख़त करता हूँ." मी म्हणालो, "आज अँगूठा." त्याने हात मागे घेतला. पाच मिनिटांत सगळं ओकला. बायकांचे ठसे उमटत नाहीत, तपासणीला आलेले कटकट करतात, म्हणून गेली कित्येक वर्षं सगळ्यांचे अंगठे तोच लावत होता. अपघातानंतर मालकाने मागल्या तारखेची ती नोंद आणि त्यापुढची पानंही त्याच्याकडूनच नव्याने लिहून घेतली.

मला वाटलं जिंकलो. पण मालकही काही कच्चा नव्हता. वकिलाला घेऊन आला आणि शांतपणे म्हणाला, "अँगूठा मुनीम का है तो मुनीम जाने. पर ये बाई दिवाली के बाद मेरे यहाँ थी, इसका सबूत दीजिए." सबूत नव्हता. मालकाला बघून मुनीम उलटला होता, बायका बोलत नव्हत्या, आणि पैशाअभावी ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली जात होती.

त्या संध्याकाळी माझे एक निरीक्षक केबिनमध्ये आले. शांत, कामसू माणूस, आमच्यासारखंच मराठी घर. हातात तीन कागद. म्हणाले, "साहेब, हे आधीच द्यायला हवे होते. हिंमत झाली नाही."

तो त्याच बाईंचा जबाब होता. निरीक्षकांनी दिवाळीनंतर दीड महिन्याने त्याच लॉन्ड्रीत घेतलेला, आणि तोच पुन्हा दोनदा लिहिलेला. तिन्हींखाली निळा डाग. तिन्हींवर माझ्या अक्षरात, लाल शाईत, माझ्या सहीने आणि तारखेने, 'ठसा अस्पष्ट, पुन्हा घ्यावा'.

"चौथ्यांदा गेलो तर मुनीम म्हणाला, लाओ, मैं लगा देता हूँ," निरीक्षक सांगत होते. "मला ते पटलं नाही. उठून आलो. पण असा कागद तुमच्यापुढे परत ठेवायचा कसा? कपाटात ठेवून दिला. बाईंनाही कागद रद्द झाला असंच सांगितलं होतं."

मी जबाब वाचायला घेतला. पहिल्यांदाच वाचला. आधी तीनदा तो माझ्या टेबलावर येऊन गेला होता आणि तीनदा मी फक्त खालचा डाग बघितला होता. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, 'सुखाने वाली मशीन का ढक्कन टूटा है, हाथ खिंचने का डर लगता है.'

जबाबात असं काही आलं की त्याच दिवशी कारखाना निरीक्षकाला कळवायचं असतं. मी कळवलं नव्हतं, कारण मी वाचलंच नव्हतं. शेवटच्या लाल शेऱ्यानंतर बाराव्या दिवशी बाईंचा हात गेला होता. निरीक्षक मान खाली घालून उभे होते, जणू गुन्हा त्यांचाच. त्यांना बसा म्हणायचंही मला सुचलं नाही.

ते तीन कागद म्हणजे बाई दिवाळीनंतर कामावर होत्या याचा पक्का पुरावा होता. पण ते पुढे करायचे तर माझं लाल पेनही पुढे करावं लागणार होतं. निवृत्तीला सात महिने होते. घरी सौ.ना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमचे सात महिने आणि त्यांचा जन्मभराचा हात. यात विचारायचं काय?" रात्रभर तरी मी कूस बदलत होतो, हे लपवत नाही.

सुनावणीत मी साक्षीला उभा राहिलो. मालकाच्या वकिलाला आयताच सापडलो. "यानी साहब, तीन बार काग़ज़ आपके सामने आया और आपने पढ़ा नहीं?"

"नहीं पढ़ा," मी म्हणालो. "पर काग़ज़ झूठा नहीं है. झूठे तो वो हैं जिन पर अँगूठा साफ़ है."

माझ्या सेवापुस्तिकेत ठपका नोंदला गेला. तो योग्यच होता. मालकाला इलाजाचा खर्च आणि भरपाई द्यावी लागली, मशीनला झाकण बसलं, मुनीम आणि मालक दोघांवर खोट्या नोंदींचा गुन्हा दाखल झाला. ऑपरेशन झालं, पण उशिराच. बाईंची तीन बोटं हलतात, दोन नाही. त्या दोन बोटांचा हिशोब कुठल्याच रजिस्टरमध्ये लिहिलेला नाही, पण तो माझ्याकडे आहे.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मी त्यांना शेवटचा दिवस सांगतो. आदेशाची प्रत घ्यायला बाई ऑफिसात आल्या. पोच म्हणून अंगठा हवा होता. पॅड बघून त्या थबकल्या आणि मला म्हणाल्या, "फिर तीन बार?"

"नहीं, बाई. एक ही बार."

त्यांनी अंगठा टेकवला. तसाच निळा डाग उमटला. मी लाल पेन उचललं आणि त्याखाली लिहिलं, 'हा ठसा याच बाईंचा. मी त्यांचा हात पाहिला आहे.' आणि सही केली.