आमच्या कूलरच्या ताट्या

आमच्या समोरच्या काकांनी आयुष्यात एकही वाक्य पुरं केलेलं नाही, असं मी परवापर्यंत खात्रीने सांगत असे. मुद्दा ओठांवर येतो न येतो तोच कुंपणावरून मुंगूस पळतं, नाहीतर खारीला कशाचा तरी राग येतो आणि काकांचा हात वर जातो. "थांब गा." मग आपण थांबायचं. माझ्या साखरपुड्यात ते दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि मांडवाच्या बांबूवर सरडा दिसल्यामुळे दीडच बोलले. त्यांना स्कूटरवर मागे बसवून सक्करदऱ्याच्या तलावावरून नेणं म्हणजे तर जिवाला घोर. खंड्या दिसला की चालत्या गाडीवरून उतरायला लागतात. उशीर होतो म्हणून मी एकदा कुरकुरलो, तर म्हणाले, "ऑफिस उद्याही राह्यते गा. हा आताच बसून राहिला ना."

दोन वर्षांपूर्वी होळीनंतर बाजूच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या म्हणून त्यांनी कूलर उघडून ठेवला. तेवढ्यात होल्याच्या, म्हणजे कबुतराच्या त्या लहानखुऱ्या भावाच्या, एका जोडीने आत पंपाशेजारी चार काड्या टाकल्या आणि त्यालाच घरटं मानून दोन अंडी घातली. झालं, कूलर बंद. बाहेर नागपूरचा एप्रिल, घरात काकू डोक्यावर ओला पंचा घेऊन वावरतायत.

"काहून जी, घरच्या मानसापेक्षा होला मोठा झाला का?"

"महिनाभराचा पाहुना आहे वं. आपन तं इथंच आहो."

काका रोज सकाळी चहा घेऊन कूलरपुढे स्टूलवर बसत आणि चहा हमखास गार करत. शेवटी पिल्लं उडाली. मी म्हटलं, आता लावा कूलर. तर काकूच म्हणाल्या, "आजचा दिवस राहू द्या जी. परत आले तं?"

यंदा त्यांच्या मुलाने एसी बसवला. प्रेमानेच बसवला, काकूंना आता ऊन सोसत नाही. कूलर भंगारात गेला, खिडक्या लागल्या, पडदे ओढले गेले. परवा मी गेलो तेव्हा काका गार खोलीत बसून पाणीपट्टी, गुडघे आणि मुलाची बदली यांवर सविस्तर बोलले. सगळी वाक्यं पुरी केली. मला फार वाईट वाटलं.

चहाचं निमित्त करून मी त्यांना आमच्याकडे आणलं. आमचा कूलर खिडकीत उघडाच होता; ताट्या कधी बसवणार म्हणून बायको रोज विचारते. काका खुर्चीत टेकले, कप हातात घेतला. "एसी चांगलाच आहे गा. पन मले सकाळी उठल्यावर..."

आणि त्यांचा हात वर गेला. कूलरच्या कडेवर होला येऊन बसला होता, चोचीत एक काडी घेऊन. आम्ही दोघंही हललो नाही. दोन्ही चहा गार झाले.

त्या वाक्याचं पुढे काय, ते मी विचारलेलं नाही. होला काय, महिन्याभरात उडून जाईल. काकाही पंच्याहत्तरीचे झाले. आमच्या ताट्या मात्र यंदा जरा उशिराच बसतील, असं मी बायकोला सांगून ठेवलंय.