फवारा आणि त्याची ताई

त्याला सगळी गल्ली फवारा म्हणायची. खरं नाव औषधांच्या चिठ्ठीवर होतं, ते तिथंच राहिलं. इस्त्रीचं दुकान त्याचं. कपड्यावर पाणी मारायला लोक बाटली वापरतात, हा पठ्ठ्या तोंड वापरायचा. बादलीत गडू बुडवायचा, गाल फुगवायचा आणि दातांच्या फटीतून पाणी असं बारीक सोडायचा की सगळा शर्ट सारखा ओलसर व्हावा. एक थेंब मोठा नाही की लहान नाही. आता तुम्ही नाक मुरडाल. मुरडा खुशाल. गिऱ्हाइकंही आधी मुरडायची, मग कॉलर बघून गप्प बसायची.

दुकानात माणसं दोनच, तो आणि त्याची ताई. आईवडील लवकर गेले, तेव्हा ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला. पुढे तिचा नवरा गेला, तशी ती मुलीला घेऊन दुकानासमोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आली. हा दुकानामागच्या खोलीत. लग्न केलंच नाही, कुणी विचारलं तर म्हणायचा, "एक बाई बोलणी खायला घालते, तेवढी पुरेत." तो इस्त्री मारायचा, ताई घड्या घालायची. तोंडाची फटकळ. म्हणायची, "घडीला डोकं लागतं. इस्त्री काय, रेडासुद्धा फिरवेल."

किडन्या गेल्या त्या काही आवाज करून गेल्या नाहीत. पाय सुजले, तो म्हणाला दिवसभर उभा असतो म्हणून. अन्नावरची वासना उडाली, तो म्हणाला उकाड्याने. शेवटी ताईने दंड धरून दवाखान्यात नेला, तोवर दोन्ही किडन्यांनी हात टेकले होते. मग आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. डाव्या हातात डायलिसिसच्या सुईसाठी शीर जोडली, तिथं बोट ठेवलं की आत थरथर लागायची. मीठ तुटलं, फळं मोजकी झाली. भाज्या उकळून त्यांचं पाणी फेकायचं आणि उरलेला चोथा खायचा. तोही त्याने गोड मानला. पण पाणी! दिवसाला एक लहानशी बाटली, बस. आणि धंदा कुठला, तर तापलेल्या इस्त्रीपुढे उभं राहून तोंड भरून पाणी घ्यायचं आणि गिळायचं नाही. देवाने थट्टा करावी तर किती करावी.

डायलिसिसला गेला की वजन जास्तच भरायचं. सिस्टर डाफरायची, चोरून पाणी पिता म्हणून. हा शपथा घ्यायचा. ताईचाही विश्वास बसेना, तिने घरचे माठ झाकून ठेवले. मग एकदा घडी घालता घालता तिची नजर त्याच्या गळ्यावर गेली. दर फवाऱ्यामागे घाटी हलत होती. सगळं पाणी शर्टावर जात नव्हतं, घोटभर आत उतरत होतं, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. ताईने काम थांबवलं आणि तिथंच, गिऱ्हाइकासमोर, ती रडली. इतके दिवस त्याला खोटारडा म्हणत होती ना. दुसऱ्या दिवशी तिने फवारणीची बाटली आणून दिली. त्याने ती घेतली, पण काम पूर्वीसारखं कधी झालं नाही. कपड्यावर ठिपके उठायचे.

पुढे दुसऱ्याची किडनी बसवायचं ठरलं, ती ताईचीच जुळली. तो नको नको म्हणत होता. ती म्हणाली, "लहानपणी भाकरी अर्धी केली, चादर अर्धी केली. आता नाटकं करू नकोस."

ऑपरेशननंतर ती एका खोलीत, तो दुसरीत. नवी किडनी लगेच चालू झाली, पिशवी भराभर लघवीने भरायला लागली. हे ताईला कळलं तेव्हा टाके ओढले जात असतानाही ती हसली. म्हणाली, "माझीच आहे ती. आल्या आल्या कामाला लागली. त्याच्याकडच्या दोघी आळशी होत्या." पुढे डॉक्टरांनी त्याला भरपूर पाणी प्यायला सांगितलं. पहिला पेला त्याने किती वेळ नुसता हातात धरून ठेवला होता, पिऊ की नको अशा भीतीने. भाचीने त्याला दटावून तो प्यायला लावला.

मग गोळ्या. सकाळच्या सकाळी, संध्याकाळच्या संध्याकाळी, वेळ चुकवायची नाही. दुसऱ्याचा अवयव शरीराने परका समजून हाकलू नये म्हणून शरीराची ताकदच कमी करायची, असा तो हिशेब. म्हणजे कुठलाही फालतू आजार याला लोळवू शकणार. उकळलेलं पाणी, शिजलेलं अन्न, तोंडावर मास्क. सगळं त्याने पाळलं. अंगावर मांस आलं, गाल भरले. गल्लीत लोक म्हणायला लागले, फवारा पुन्हा माणसात आला.

आणि मग त्याने नको तेच केलं. एक गिऱ्हाईक दारात उभं, नोकरीच्या मुलाखतीला निघालेलं, उघड्या अंगावर कोट घालून शर्टाची वाट बघतंय. बाटलीचं तोंड नेमकं तेव्हाच तुंबलं. फवाऱ्याने मागचापुढचा विचार केला नाही. मास्क खाली ओढला, बादलीतल्या शिळ्या पाण्यात गडू बुडवला, गाल फुगवले आणि सोडलं. शर्ट असा झाला म्हणून सांगू! कितीतरी दिवसांनी त्याला स्वतःच्या हाताचं काम आवडलं. ताई घड्यांतून मान वर करेपर्यंत तीन-चार घोट आत गेलेही होते.

जुलाब, उलट्या, ताप. अंगातलं पाणी गेलं आणि किडनी बसायला लागली. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, वाचेल की नाही सांगता येत नाही. कसंबसं निभावलं. तो घरी आला तेव्हा ताई ओरडली नाही, म्हणून तर तो घाबरला. ती समोर बसली आणि म्हणाली, "ती किडनी तुझी नाही, माझी आहे. तुझ्याकडे सांभाळायला दिलीय. यापुढे तिच्या बाबतीत मी म्हणेन ते. वाद नाही. शब्द दे." त्याने शब्द दिला. तिच्या पायाशी बसून दिला.

बरीच वर्षं बरी गेली. आता पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो.

ताईला खोकला लागला. कपड्यांची धूळ, धूळ म्हणता म्हणता निघाला फुप्फुसाचा क्षय, आणि तोही औषधांना दाद न देणारा. फवाऱ्याची तपासणी झाली, तो सुटला होता. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट बजावलं, ताईच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा आजार तुम्हाला झेपणार नाही. ताईने तर त्याआधीच फर्मान सोडलं होतं. भाची निरोप घेऊन आली, "आई म्हणते, जिना चढायचा नाही."

तो खाली इस्त्री मारायचा आणि समोरच्या खिडकीकडे बघायचा. सुरुवातीला ती खिडकीत येऊन बसायची, घडी चुकली की वरून हात हलवून शिव्या द्यायची. मग यायची बंद झाली. फोनवर दोन शब्द बोलली की धाप लागायची.

एका सकाळी भाचीचे डोळे बघून तो समजला. इस्त्री तशीच चालू टाकून जिना चढला. दार बंद होतं.

"कोण आहे?" आतून ताईचा आवाज.

"मी."

"खाली जा."

"मास्क लावलाय ताई. दारातूनच बघतो. एकदाच."

"मास्कला काय कळतंय? जा म्हटलं ना."

"ताई, अगं..."

बराच वेळ नुसता खोकला ऐकू आला. मग ती म्हणाली, "शब्द दिलायस."

त्याने कपाळ दाराला टेकवलं. काय करणार होता? त्याच्याकडे तिचं तेवढंच तर होतं, तो शब्द आणि ती किडनी. दोन्ही घेऊन तो खाली उतरला. दोन दिवसांनी ताई गेली. तिला नेलं तेव्हाही तो रस्त्याच्या पलीकडे उभा होता, कारण डॉक्टरांनी अंतर ठेवा म्हटलं होतं. गल्लीने काय बोलायचं ते बोलून घेतलं. बहिणीने पोटातलं काढून दिलं आणि हा दारातून परत फिरला म्हणे. भाचीने बोलणं टाकलं. तिचे कपडे दुसरीकडे जायला लागले.

तो गोळ्या वेळेवर घ्यायचा, पाणी प्यायचा, तपासण्या करायचा. रिपोर्ट चांगले यायचे. डॉक्टर शाबासकी द्यायचे, आणि त्याला त्या शाबासकीची शिसारी यायची. घड्या आता त्यालाच घालाव्या लागत, आणि त्या वाकड्या यायच्या.

बऱ्याच महिन्यांनी भाची दुकानात आली. बाकावर बसली. तो म्हणाला, "मी तिला शब्द दिला होता गं."

"माहीत आहे मामा. मी आतच होते." तिने बाकावरचा वाकड्या घडीचा शर्ट मांडीवर घेतला. "तू खाली गेलास ना, तेव्हा तिने मला विचारलं, गेला का? मी म्हटलं, गेला. म्हणाली, बरं झालं, शहाणा झाला. मग भिंतीकडे तोंड केलं आणि रडत राहिली. मी विचारलं, आता का रडतेस? तर म्हणाली, मला वाटलं होतं, या वेळी तरी तो माझं ऐकणार नाही."

फवारा कापडावर दोन्ही हात टेकून उभा राहिला. मग त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की भाचीने उठून दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, कारण रस्त्यावरून लोक आत बघायला लागले होते.