बोटीच्या पोटाला आलेला बाक

पट्टीराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. जुन्या फायबरच्या मोटरबोटी दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाच्या काखेत कायम एक लांब ॲल्युमिनियमची पट्टी असायची. त्यामुळे धक्क्यावर हे नाव पडलं आणि यथावकाश घरापर्यंत पोचलं. पट्टी कुठे लावावी याचं मात्र त्यांना भान नसे. मुलगी बघायला गेले तेव्हा चहा यायच्या आत त्यांनी सांगून टाकलं होतं की टेबल डावीकडे झुकलंय. टेबल होणाऱ्या सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बनवलेलं. तरीही लग्न झालं हे नवलच! तेव्हापासून सासऱ्यांच्या कारागिरीबद्दल पट्टीराव तोंडातून ब्र काढत नसत.

सासऱ्यांची बोट जुनी, पण तिचं कौतुक नव्या नवरीसारखं. अलीकडे तिला एक खोड लागली होती. वेग वाढवला की नाक वर उचलायचं सोडून ती ते पाण्यात खुपसायची आणि वळताना भलतीकडेच ओढायची. सासऱ्यांनी याचं खापर फोडलं सासूबाईंवर. त्यांना पुढची जागा आवडायची, तोंडावर वारा येतो म्हणून. "तू पुढे बसतेस म्हणून नाक बुडतं. मागे इंजिनापाशी बस," हा हुकूम. बिचाऱ्या काही दिवस धुरात बसल्या. मग एकदा उतरल्या त्या उतरल्याच. सासरे एकटे जायला लागले, लवकर परत यायला लागले, आणि घरी आल्यावर उगाच इंजिनाला नावं ठेवायला लागले.

"जगाच्या बोटी बघता, एक घरची बघा की," बायकोने पट्टीरावांना सुनावलं. "आई परत बोटीत बसली पाहिजे."

झालं, पट्टीराव सासुरवाडीला हजर. इंजिन उतरवलं, चार माणसं लावून बोट पालथी केली. मागच्या टोकापासून पुढे अशी पट्टी तळावर टेकवली आणि पलीकडून टॉर्च धरला. पट्टीची दोन्ही टोकं टेकलेली, पण मधून उजेड येत होता. तळाला चक्क खळगा पडला होता. वेगात असताना तिथलं पाणी मागची बाजू वर ढकलणार, मग नाक खाली जाणार नाही तर काय होणार?

"बाबा, तळाला बाक आलाय."

"तुमची पट्टी वाकडी असेल, जावईबापू."

पट्टीरावांनी पट्टी उलटी करून लावली. उजेड तसाच.

"टॉर्चच तसला असेल," सासरे म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

बाक आला कुठून, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. बोट ज्या लाकडी घोडीवर ठेवलेली असायची, तिचे टेकू मागच्या टोकापर्यंत पोचतच नव्हते. एवढं जड इंजिन वर्षानुवर्षं अधांतरी लटकलेलं, तळ वाकणारच. आणि घोडी कुणी बनवली होती हे विचारायची सोय नव्हती. पट्टीरावांनी पट्टी काखेत मारली.

"टेकू जरा... अगदी जराच आखूड आहेत, बाबा."

सासरे घरात निघून गेले.

पट्टीराव कामाला लागले. खळगा खरवडला, काचेच्या कापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून बसवले. ते कडक झाल्यावर लांब फळीला पॉलिशपेपर लावून घासत बसले, पट्टीखालचा उजेड पार बंद होईपर्यंत. कंबरेचे टाके ढिले झाले. तेवढ्यात सासरे करवत घेऊन बाहेर आले आणि नवे टेकू कापायला बसले. मान वर न करता त्यांनी हात पुढे केला. "पट्टी द्या जरा."

बोट पाण्यात उतरली त्या दिवशी सासूबाई धक्क्यावर आल्या, पण काठावरच थांबल्या.

"चल, पुढे बस. ठीक झाली बोट."

"काय झालं होतं तिला?"

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. जावई पाणी न्याहाळत होता.

"टेकू आखूड होते. मी केलेले. चूक माझी, आणि मागे बसवलं तुला."

पट्टीरावांचा जीव भांड्यात पडला. पण सासूबाई हलल्या नाहीत.

"आणि समजा, माझ्याच वजनानं नाक बुडत असतं, तर?"

पट्टीरावांना आता तिथून पळून जावंसं वाटत होतं. सासऱ्यांनी हातातला दोर ओढून बोट काठाला लावली.

"तर मी हळू चालवायला हवी होती," ते म्हणाले.

सासूबाईंनी त्यांचा हात धरून बोटीत पाय ठेवला आणि त्या पुढे जाऊन बसल्या.