उघडं राहिलेलं इंजिन

धूर यायचा तो फक्त सकाळी. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू केली की मागच्या नळीतून निळसर लोट निघायचा आणि पोर्चमधून वरच्या मजल्यावरच्या जयतीर्थांच्या खिडकीत शिरायचा. जयतीर्थ भला माणूस. जिन्यात भेटला की एवढंच म्हणायचा, "सर, धूर स्वल्प जास्ती झालाय."

"व्हॉल्व्ह सील गेलीत," रत्नाकर हिर्लेकर घरी येऊन बायकोला म्हणाले. "व्हॉल्व्हच्या दांड्यावर रबराची टोपी असते, वीणा. ती कडक झाली की रात्री तेल थेंब थेंब खाली उतरतं आणि सकाळी जळतं. गाडी चांगली आहे. टोप्या बदलल्या की झालं."

हिर्लेकर मूळचे सांगलीचे. विमानांची इंजिनं जोडणाऱ्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून बेंगळुरूला आले, बसवनगुडीत घर केलं आणि इथलेच होऊन गेले. गल्लीत त्यांना 'इंजिन सर' म्हणत. आपल्या छोट्या गाडीला त्यांनी आजवर गॅरेजचं तोंड दाखवलं नव्हतं. ते स्वतः गाडीखाली शिरणार, वीणाताई पाने हातात देणार, असंच वर्षानुवर्षं चाललं होतं. बारा-तेराचा पाना कुठला आणि चौदा-पंधराचा कुठला, हे त्यांना स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं पाठ झालं होतं.

म्हणून सरांनी सील बदलायचं काढलं तेव्हा वीणाताईंना बरंच वाटलं. अलीकडे ते गप्प गप्प असत. वर्तमानपत्र वाचून झाल्यावर तेच पुन्हा उघडत. दूध आलं का, हे एकाच सकाळी कितीदा तरी विचारत. वीणाताईंनी त्याला वय म्हणून टाकलं होतं. रिकामपण खातंय, हाताला काम मिळालं की माणूस ताळ्यावर येईल, असं त्या स्वतःला सांगत.

सरांनी जे. सी. रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानातून सीलांचा संच आणला, पोर्चमध्ये जुनी सतरंजी अंथरली आणि इंजिनाचं वरचं झाकण काढलं. त्या दिवशी त्यांचे हात पाहत राहावेत असे चालले होते. व्हॉल्व्हची स्प्रिंग काढताना व्हॉल्व्ह खाली सिलिंडरात पडू नये म्हणून त्यांनी कपड्यांची दोरी कापून मागितली. प्लगच्या भोकातून ती आत सोडली आणि वीणाताईंना पुलीला लावलेला पाना हळूहळू फिरवायला सांगितला. "बस. आता पिस्टननं दोरी वर दाबून धरलीय, दोरीनं व्हॉल्व्ह धरलाय. कुठं जाईल?" मग स्प्रिंग दाबून त्यांनी ती अडकवून ठेवणारी मुगाच्या डाळीएवढी दोन लॉकं चिमट्यानं अलगद उचलली. जुनं सील उपटलं, नवं तेलात बुडवून बसवलं. बसताना बारीक टक् असा आवाज आला, तसं त्यांनी बायकोकडे पाहून डोळे मिचकावले. कितीतरी दिवसांनी.

संध्याकाळपर्यंत सगळी सीलं बसली. व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर आणि झाकण उद्या, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी वीणाताई गांधी बझारातून भाजी घेऊन आल्या तेव्हा सर गाडीपाशीच होते. ताटलीत उपटलेली सीलं पडली होती, काळी, मऊ, चकचकीत, काठाला फाटलेली.

"बघ, काय दगड झालेत," सर म्हणाले. "धूर येईल नाहीतर काय."

"अहो, ही तर नवी आहेत. काल घातलीत तुम्ही."

"काल?" त्यांनी वर पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. खरोखरचं आश्चर्य होतं. "काल मी इंजिनाला हात तरी लावला का? अजून सीलं आणायचीयत."

वीणाताईंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. त्यांना पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा.

नवा संच आला. तोही एका दिवशी बसला आणि दुसऱ्या दिवशी निघाला. आता मात्र सर दुकानदारावर चिडले. हलका माल गळ्यात मारतो म्हणाले. मुलगा जितेंद्र सर्जापूर रोडला राहायचा, तो रजा टाकून आला आणि वडिलांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी मेंदूची छायाचित्रं काढवली, सरांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं. सरांनी वर्तुळ अगदी सुबक काढलं आणि सगळे आकडे एकाच बाजूला लिहिले. नंतर डॉक्टर वीणाताईंना इंग्रजीत बरंच काही म्हणाले. त्यातलं त्यांना कळलं ते एवढंच, की हे आता पुढेच जाणार, मागे फिरणारं नाही.

"आई, गाडी देऊन टाक," जितेंद्र म्हणाला. "आणि तुम्ही दोघं आमच्याकडे या. इथं एकटी काय काय बघशील?"

"तिथं चौदाव्या मजल्यावर ते काय करतील? इथं त्यांना जागा तरी ठाऊक आहे."

चामराजपेटेत पिराजीचं गॅरेज होतं. पिराजी निपाणीकडचा, घरी मराठी बोलणारा. वीणाताईंनी त्याला बोलावलं, निदान इंजिन तरी बंद होऊ दे म्हणून. तो आला, वाकून पाहिलं, सरांशी चार शब्द बोलला. सरांनी त्याला सील कसं बसवायचं ते समजावून सांगितलं, आणि थोड्या वेळानं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. पिराजीनं दोन्ही वेळा ऐकून घेतलं. मग फाटकाशी येऊन वीणाताईंना म्हणाला, "अक्का, मी आत्ता बसवून देतो. पण उद्या सर परत उघडणार. राहू दे की तसंच. गाडी कुठं पळून जातीय?"

पुढच्या खेपेला त्यानं एका पिशवीत गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून निघालेली जुनी सीलं आणली. "ही देत जावा त्यांच्या हातात. नवी कशाला नासायची?"

मग तोच दिनक्रम झाला. सकाळी चहा झाला की सर पोर्चमध्ये जात, सील उपटत, दुसरं घालत. वीणाताई शेजारी बुटक्या स्टुलावर बसून भाजी निवडत, मागितला तो पाना देत. जुनं सील जुन्याच्या जागी जात होतं आणि सरांना ते दर वेळी नवं वाटत होतं. वीणाताई मनात म्हणत, असंच चालू दे. बरं नाही झालं तरी चालेल, पण एवढं राहू दे.

एवढंही राहिलं नाही. आधी लॉक बोटांतून सुटू लागलं. ते शोधण्यात सकाळ जायची, आणि काय शोधतोय हेच मध्ये विसरलं जायचं. मग स्प्रिंग दाबायचं हत्यार उलटं धरलं जाऊ लागलं. एकदा वीणाताईंनी ते त्यांच्या हातात सुलटं करून दिलं तर त्यांनी ते शांतपणे खाली ठेवलं आणि हात पुसले. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ते उठलेच नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. उघड्या इंजिनावर फाटकाजवळच्या आंब्याचा पाचोळा येऊन पडू लागला.

तेव्हा वीणाताईंनी पिराजीला फोन केला. "आता बंद करून टाक बाबा. आता कुणी उघडणार नाही."

पिराजीनं सगळं साफ केलं, खरी नवी सीलं घातली, रॉकर चढवले, झाकण लावलं, बॅटरी जोडून चावी फिरवली. इंजिन जरा खोकलं आणि सुरू झालं. धुराचा मागमूस नव्हता. वीणाताई मागच्या नळीकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांना काहीच वाटलं नाही.

तेवढ्यात सर दारात आले. मान एका बाजूला कलती करून ऐकू लागले. मग पिराजीजवळ गेले आणि कारखान्यातल्या माणसाशी बोलावं तसं कन्नडमध्ये म्हणाले, मधल्या सिलिंडरचा टॅपेट ढिला आहे. पिराजीनं इंजिन बंद करून झाकण काढलं, फट मोजायची पट्टी घालून पाहिलं. "सरी सर, बरोबर," तो म्हणाला. "ढिलाच आहे." तो जुळवून त्यानं झाकण परत लावलं.

वीणाताई धावतच घरात गेल्या आणि जितेंद्रला फोन लावला. "अरे, त्यांनी आवाजावरून ओळखलं. बरोबर ओळखलं. डॉक्टरांचंही चुकत असेल की नाही?" पलीकडे जितेंद्र म्हणाला, "असेल, आई. रविवारी येतो मी." त्याच्या आवाजावरून त्यांना कळायला हवं होतं, पण त्या दिवशी त्यांनी शिरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सरांना इस्त्रीचा शर्ट घातला, गाडीपाशी नेलं आणि चावी हातात दिली. "चला, देवळापर्यंत एक चक्कर मारू." सर चालवायच्या जागेवर बसले. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, समोर पाहिलं. चावी मांडीवरच राहिली. वीणाताई शेजारी बसल्या आणि वाट पाहू लागल्या. रस्त्यावरून शाळेच्या रिक्षा गेल्या, फुलवाली गेली.

"आपण कुणासाठी थांबलोय?" बऱ्याच वेळानं सरांनी विचारलं.

"कुणासाठी नाही," वीणाताई म्हणाल्या.

रविवारी जितेंद्र आला. वडिलांनी त्याला आदरानं बसायला सांगितलं आणि कुठल्या विभागातून आलात म्हणून विचारलं. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. वीणाताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

गाडी पिराजीनंच आपल्या ओळखीच्या एका माणसाला मिळवून दिली. माणूस येऊन गाडी घेऊन गेला तेव्हा सर आत झोपले होते. उठल्यावर ते पोर्चमध्ये आले, रिकाम्या जागेत थोडे फिरले, आणि आता वाटेत गाडी आडवी नसल्यामुळे सरळ फाटकातून बाहेर पडले. जयतीर्थांनी त्यांना कोपऱ्यावरून हाताला धरून परत आणलं. पायातल्या चपला दोन वेगवेगळ्या जोडांतल्या होत्या.

त्या संध्याकाळी वीणाताईंनी फाटकाला आतून कुलूप लावलं. सर गजांना धरून बाहेर बघत होते. वीणाताईंनी किल्ली कमरेला खोचली आणि त्यांना म्हणाल्या, "चला, जेवायला वाढते."