देवळीतला बाजा

दादांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती: दिवसातून दोनदा वॉकर धरून चालले नाहीत, तर कायमचे अंथरुणाला खिळतील. सगळी नोकरी एसटी चालवण्यात गेलेला माणूस, पण चालायचं म्हटलं की भिंतीकडे तोंड करायचा.

त्यांचं मन रमावं म्हणून मी परभणीच्या एका मिस्त्रीकडून जुना रेकॉर्ड प्लेअर, आमच्या भाषेत बाजा, आणला. जिंतूरच्या स्टँडजवळचं एक चहाचं हॉटेल बंद झालं, तेव्हा मालकानं दादांना नऊ तबकड्या दिल्या होत्या. गाडी सुटायच्या आधी दादा तिथंच बसत. त्या तबकड्या इतकी वर्षं ट्रंकेत पडून होत्या. या प्लेअरची फिरती थाळी आणि सुईचा दांडा आतल्या आत तीन स्प्रिंगांवर तरंगतात. मिस्त्री म्हणाला होता, "बारीक थरथर स्प्रिंगा खाऊन टाकत्यात. पन माणसाच्या पावलाचा हेलकावा त्यायला सोसत न्हाई. जागा बघून ठेवा." मी मान हलवली आणि घरी येऊन तो सरळ तिपाईवर ठेवला.

पहिल्या दिवशी दादा गाणं ऐकत उठले, वॉकर टेकत चार पावलं चालले. सुई उडाली. पुन्हा लावली, पुन्हा उडाली. ते खाली बसले. दुसऱ्या दिवसापासून बाजा लागला की ते खाटेवरून हलेनात आणि बाजा बंद असला की "पाय दुखायलेत" म्हणून झोपून राहत. मी चिडलो. मुळात मी तापट, त्यात रजा संपत आलेली. म्हटलं, "तुम्ही हातपाय गाळून बसलात. जगायचंच नाही का तुम्हाला?"

ते म्हणाले, "मी चाललो की सुई उडायलीय. तबकडीवर चरा पडला तर पुन्हा कुठून आनायची? बसून ऐकतो की."

जगणं आणि गाणं यांतलं एक त्यांनी निवडलं होतं, आणि मी त्यांना आळशी ठरवून मोकळा झालो होतो. तो दिवस आठवला की अजून मान खाली जाते.

मग मी जागा शोधायला लागलो. जड ते स्थिर, अशी आमच्याकडची पक्की समजूत. परसातलं जातं आणून त्यावर प्लेअर ठेवला. जातं हललं नाही, पण ज्या फरशीवर ते होतं तीच हलत होती. आमच्या घराखाली काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि वरच्या शहाबादी फरश्या पोकळ वाजतात. लोखंडी कपाटावर ठेवून पाहिलं, तर कपाटही डुलायचं. मी फरशीला शिव्या घालत होतो तेव्हा माय म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." आमचं अंगण खरोखरच वाकडं होतं, पण तिच्याशी कोण वाद घालणार?

घरात न हलणारी गोष्ट एकच होती. दादांची खाट होती त्या जुन्या खोलीची दगडमातीची हातभर जाडीची भिंत. तिच्यात कोनाड्यासारखी मोठी देवळी होती आणि देवळीत मायचे देव. मी मनातल्या मनात माप घेतलं. मायनंच माझी नजर ओळखली. तिनं आंघोळ केली, एकेक देव उचलला आणि तिपाईवर मांडला. "देवाला कुठंबी बसवता येतंय," ती म्हणाली. "मानसाला उठवायचं हाय."

देवाखालचा पाट तिनं तिथंच राहू दिला. हलका पण ताठ. त्यावर प्लेअर ठेवला, वाटीत पाणी घेऊन पातळी पाहिली, कागदाच्या घड्या सारल्या. सुई लावली. दादा उठले, भीतभीत एक पाऊल टाकलं, थांबून ऐकलं, दुसरं टाकलं. गाणं सलग चालू होतं. ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले आणि एक बाजू संपेपर्यंत चालले. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

हादरे आता तिपाईला बसत. दादांच्या प्रत्येक पावलाला पितळी देव एकमेकांना लागून किणकिणत. माय स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता तो आवाज ऐकायची. आवाज थांबला की विचारायची, "दमलाव का?"

असे ते दोन वर्षं चालले. गेल्या माघात झोपेतच गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी मायला म्हटलं, "देव परत देवळीत ठेवू या." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे." संध्याकाळी तिनं स्वतःच तबकडी लावली आणि भाकरी करायला गेली. गाणं सलग वाजत होतं. मी पाणी प्यायला उठलो आणि जुन्या खोलीतून चालत गेलो. तिपाईवरचे देव किणकिणले.

माय पिठाच्या हातानं दारात आली. माझ्याकडे पाहिलं आणि परत चुलीकडे गेली. तबकडी संपेपर्यंत मी जागचा हललो नाही.