बोंडात परत भरलेला कापूस

टीव्हीवरच्या त्या गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक खुर्चीतून उठून उभा राहिला की माझं डोकं फिरायचं. खोटं नाही सांगत. गाणारा पोरगा अंतऱ्यात सरळ सरळ घसरलेला असायचा, समेवर यायच्या आधीच त्याचा दम संपलेला असायचा, आणि हा बाबा छातीवर हात ठेवून म्हणायचा, "रोंगटे खड़े हो गए!" शेजारची चमचमत्या साडीतली बाई रुमालाचं टोक डोळ्याच्या कोपऱ्याला लावायची, काजळ न पुसू देता. मी इकडं बोरी अरबच्या घरात बसून ओरडायची, "अवं बाई, रडतेस कायले? त्याचा सूर हरवला तिकडं, तो शोध आधी!"

त्या वर्षांत आमच्या गल्लीत वीज असली तर असली. पण त्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी कोणी ना कोणी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचंच. टीव्ही लागायचा, सारी गल्ली दाटीवाटीनं बसायची आणि माझं तोंड सुरू व्हायचं. एक पोरगा प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज असा हलवायचा, की थंडीनं काकडून राह्यला वाटावं. एक पोरगी अर्धं गाणं डोळे मिटण्यातच घालवायची. एकाचा गळा खरंच चांगला होता, पण त्याला सरळ स्वर लावायची लाज वाटायची. जिथं तिथं मुरकी. "मेल्या, एक तरी स्वर सुखानं बसू दे!" मी म्हणायची. बाया हसून लोटपोट व्हायच्या.

तुम्ही म्हणाल, हिला हा अधिकार दिला कोणी? आमच्या पार्टीनं दिला. आमची भीमगीतांची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत दारव्हा तालुक्यातलं गाव सुटायचं नाही. आधी मी मुख्य गायिका होती, पुढं घसा बसला तशी पेटीवर आली. ढोलकीवर माझे भाऊजी, मोठ्या बहिणीचा नवरा. एरवी त्यांचं कपडे शिवायचं दुकान. कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी त्या दुकानात जमायचं आणि खोट काढायची, हा आमचा रिवाज. गाणाऱ्यानं मधोमध बसायचं. ढोलकीवाल्यापासून कोरसवाल्यापर्यंत प्रत्येकानं त्याच्या गाण्यातली एक खोट सांगायची. गाणाऱ्यानं वाद घालायचा नाही, नुसतं "हं" म्हणायचं. मग चहा यायचा आणि पहिला कप गाणाऱ्याला मिळायचा. एकदा कोणाचे तरी पाहुणे म्हणाले, "वा, फारच गोड झालं." आमच्या कोरसमधल्या म्हाताऱ्यानं त्यांना विचारलं, "झोपले होते का राजेहो?"

बहिणीची पोरगी या दुकानातच मोठी झाली. कापडाच्या चिंध्यांवर बसून खोट काढणं ऐकायची, आणि पुढं स्वतः गायला लागली तेव्हा मधोमध बसून "हं" म्हणायला लागली. आवाज खुला, मोकळा, भोंग्याशिवाय गल्लीच्या टोकाला जाईल असा. वरच्या सुरात मात्र कधी कधी घाई करायची. ती खोट मी तिच्या डोक्यात हातोडीनं ठोकली होती.

बारावी झाल्यावर तिनं नागपूरला जाऊन त्याच स्पर्धेच्या निवडीत नाव घातलं आणि निवडली गेली. मी तर कपाळावर हात मारला. "अवं, त्या रडक्या लोकाइत कायले जातं?" ती म्हणाली, "मावशी, तुम्ही गावातले लोक इतकी बारीक खोट काढता. तिथं तं मोठे लोक बसून राह्यले. माह्या आवाजात अजून काय काय खोट आहे ते ते सांगतील ना. मले तेवढंच पाहिजे." पोरगी बक्षिसासाठी जात नव्हती, टीव्हीवर दिसायला जात नव्हती. तिला आपलं गाणं मोठ्या कानांनी ऐकून घ्यायचं होतं, बस्स.

ती मुंबईला गेली आणि पाठोपाठ मुंबईची गाडी आमच्या दारात आली. स्पर्धकाचं घर दाखवायचं, म्हणाले. कॅमेरा, छत्र्या, तारांची भेंडोळी आणि डोक्यावर गॉगल चढवलेली एक बाई. ती सगळ्यांची म्होरकी. तिनं भाऊजींना विचारलं, "आपका खेत किधर है?"

"शेत नाही मॅडम. दुकान आहे. या ना, च्या घ्या."

बाईनं दुकान पाहिलं. मशीन, टेप, अर्धवट शिवलेली शाळेची पँट. तिचं तोंड असं झालं जसं तिला शिळं वाढलं. "टेलर में वो बात नहीं है," ती आपल्या माणसाला म्हणाली. आमच्यासमोर म्हणाली. आम्हाला हिंदी कळत नाही असं वाटलं असेल बिचारीला.

तेव्हा आमच्या जिल्ह्यात कॅमेरा यायचा तो एकाच कामाला. ज्या घरातल्या शेतकऱ्यानं कर्जापायी जीव दिला त्याच्या घरी. इतर घरांमध्ये लोक राहतात, भांडतात, गातात, हे कोणाला दाखवायचंच नव्हतं. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की ह्यांना काय पाहिजे. पण भाऊजींना वाटलं, आपण नाही म्हटलं तर पोरीचं नुकसान होईल. शेजाऱ्यानं म्हटलं, पाहुणे आहेत, घ्या माझं शेत.

शेतात तरी काय होतं? होळी होऊन गेलेली. कापूस कधीचाच वेचून झालेला, वाळल्या पऱ्हाट्या उभ्या, उपटायच्या राहिलेल्या. बाई म्हणाली, "कॉटन कहाँ है? कॉटन चाहिए." भाव येईल म्हणून लोकांनी तेव्हा कापूस घरातच भरून ठेवला होता, माणसं अंगणात झोपायची आणि खोलीत कापूस. शेजाऱ्यानं गाठोडं बांधून आणला. मग त्या बाईनं गल्लीतल्या बायांना सांगितलं, हा कापूस झाडांना लावा.

माय वं! ज्या बायांनी सारा हिवाळा बोटं सोलून तो कापूस वेचला, त्याच बाया वेचलेला कापूस परत बोंडात भरायला लागल्या. आधी खूप हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "जलमभर येचला, भरला कधी नाई वं." वारा आला की तो उडायचा. मग बाईनं भाऊजींच्याच दुकानातून पांढरा दोरा मागवला आणि बाया एकेका बोंडाला कापूस बांधत बसल्या. थोड्या वेळानं हसणं आपोआप बंद झालं. मी बांधावर उभी होती. मला तिथं उभं राहवेना आणि तिथून निघताही येईना. असं वाटलं, कोणीतरी आपल्या घरात येऊन आपल्याच ताटात थुंकून राह्यलं आणि आपण ताट धरून बसलो.

भाऊजींना धोतर नेसायला लावलं. जन्मात नेसले नव्हते; पँटवाला माणूस. शेताच्या धुऱ्यावर बसवलं आणि सांगितलं, माथ्याला हात लावा, आभाळाकडं पाहा.

"आभाळात काय पाहू?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"त्यायले विचारा," मी म्हटलं, "मले काय विचारता."

पहिल्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी गल्ली नुसती फुलली होती. पोरगी मंचावर आली आणि गाण्याच्या आधी ते शेत आलं. मागं रडकी बासरी. एक जाडा आवाज सांगत होता, "यवतमाल, जहाँ खेतों में आँसू उगते हैं." दोऱ्यानं बांधलेला कापूस, धोतरातले भाऊजी, माथ्याला हात. गल्लीतली पोट्टी ओरडली, "काका, काका!" भाऊजी मान खाली घालून बसले होते.

मग ती गायली. तिच्या गळ्याला न शोभणारं संथ, रडवं गाणं दिलेलं. पट्टी चढवून ठेवलेली. पहिला अंतरा तिनं ओढून नेला. दुसऱ्या अंतऱ्यात वरच्या सुरावर तिनं घाई केली आणि सूर उतरला. शब्दाच्या मधेच श्वास घेतला. आंधळ्यालाही दिसावं असं. मी मांडीवर हात आपटला.

परीक्षक उठून उभा राहिला! म्हणाला, "बेटा, मैं तुम्हारे गाने पर कुछ नहीं बोलूँगा. मैं तुम्हारे पिताजी को सलाम करता हूँ." चमचमती बाई रडत होती. टाळ्या थांबेनात. आणि पोरगी हात जोडून उभी, त्या माणसाच्या तोंडाकडं पाहत, की आता सांगेल, आता सांगेल. मला सहन झालं नाही. मी उठून टीव्ही बंद केला. गल्ली माझ्यावर चिडली, चिडू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाशेजारच्या फोनवर तिचा फोन आला. खुशाली नाही, काही नाही. "मावशी, सांग."

मी सांगितलं. सूर कुठं उतरला, श्वास कुठं तोडला, मुखड्यावर येताना ताल कसा ओढला. ती "हं, हं" करत होती. शेवटी म्हणाली, "मी इथं विचारलं त्यायले. ते म्हणतात, बेटा, तू गाने की चिंता मत कर, लोकाइले तुही गोष्ट आवडली." मग म्हणाली, "मावशी, मी तं गोष्ट सांगायले नाई आली."

"गाणं नीट म्हण पुढच्या वेळेस," मी म्हटलं. "असं म्हण का त्यायले बोलावंच लागंन."

आठवडाभर तिनं तो सूर घोटला. संडासात जाऊन घोटला, म्हणाली, कारण खोलीतल्या बाकीच्या पोरी झोपायच्या. दुसऱ्या कार्यक्रमात ती उभी राहिली, पहिल्याच ओळीत मी टीव्हीसमोर आणून ठेवलेल्या पेटीवर नुसता सूर धरला आणि भाऊजींना म्हटलं, "आयका, बसला." मुखडा असा आला की माझ्या अंगावर खरोखर काटा आला, त्या परीक्षकाचा नकली काटा नाही. आणि अंतरा सुरू होताच पडद्यावर परत ते शेत आलं. परत बासरी, परत धोतर, परत आभाळ. बासरीखाली पोरीचा आवाज दबून गेला. दुसरा अंतरा तर सापडलाच नाही; कापून टाकला. शेत संपलं तेव्हा ती गाऊन हात जोडून उभी होती.

सकाळी फोन आला. "मावशी, सांग."

मी काय सांगणार? "मुखडा ऐकू आला. पुढचं दाखवलंच नाही त्यायनं."

"अंतरा बी नाई?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "मंग मी घरी येऊन राह्यली." आणि खरंच आली. बॅग घेऊन, डोळे सुजलेले. तिच्या आईनं वरण-भात पुढं ठेवला, तो खाल्ला आणि झोपली.

त्या लोकांचं तेवढ्यावरही पोट भरलं नाही. पुढच्या कार्यक्रमात ती नाही हे सांगायला हवं ना. सूत्रसंचालक तोंड पाडून आला. म्हणाला, ऐसे कठिन समय में उसका अपने परिवार के पास होना ज़रूरी है, हम सब उनके साथ हैं. आणि मागं भाऊजींचं तेच चित्र, माथ्याला हात. फक्त ह्या वेळेस काळंपांढरं केलेलं. त्याच्यावर ती बासरी.

भाऊजी माझ्या बाजूला भजी खात बसले होते.

आम्ही शिव्या दिल्या, हसलो, झोपलो. पण आमच्या भागात त्या वर्षांत टीव्हीवर शेतातल्या माणसाचं काळंपांढरं चित्र आलं की लोक एकच समजायचे. सकाळी स्टँडकडून रडण्याचा आवाज यायला लागला. भाऊजींची मोठी बहीण, महागावला दिलेली. पहिल्या एसटीनं आली होती, सोबत तिच्या गावचे दोघं-तिघं, टॉवेलनं तोंड दाबून. "माह्या भाऊ रे! कायले असं केलं रे!" ती ऊर बडवत गल्लीत शिरली, आणि भाऊजी गळ्यात टेप घालून दुकानाच्या दारात उभे.

ती जागच्या जागी खाली बसली. मग उठली आणि दोन्ही मुठींनी त्यांच्या पाठीवर मारायला लागली. मारत होती, रडत होती, परत मारत होती. भाऊजी मुकाट मार खात उभे राहिले. मला त्या बासरीवाल्यांची, त्या गॉगलवालीची, त्या उभ्या राहणाऱ्या परीक्षकाची अशी शिसारी आली, की आज इतक्या वर्षांनी सांगतानाही तोंड कडू होतं.

पोरीनं आत्याला धरून दुकानात बसवलं, पाणी दिलं. आत्या पाणी प्यायली, तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पोरीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला.

"मी सारे कार्यक्रम पाह्यले वं माय," ती म्हणाली. "माह्या भावाकडंच पाहत होती. तू काय गायली, कशी गायली, मले काहीच आयकू आलं नाई."

मी पेटी पुढं ओढली. "म्हण," मी पोरीला म्हटलं, "आत्ता म्हण."

तिनं नाही म्हणून मान हलवली. "रडता रडता गाणं आयकू येत नाई मावशी," म्हणत तिनं आत्याच्या हातातला गिलास घेतला आणि चहा ठेवायला आत गेली.