वहीतली 'सून, एक'

१९९४ साल. मी सदुसष्ट वर्षांचा. राजाजीनगरात आमच्या समाजाच्या हॉलमध्ये साठ-सत्तर पुरुषांदेखत अध्यक्ष माझ्या सुनेला म्हणाले, "बाई, आत पुऱ्या लाटायला माणूस कमी आहे. इथं काय उभ्या राहिलात?"

लोक हसले. दुसऱ्याची सून असती तर मीही हसलो असतो. चाळीस वर्षं हसतच आलो होतो.

समाजात एका घराला एक मत. ते घरच्या पुरुषाचं. माझा मुलगा जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून घर शकुंतला चालवते, गारमेंटमध्ये मशीनवर बसून. मी नुसता जेवतो. म्हणून ठरवलं, यंदा समितीच्या निवडणुकीत आमच्या घराचं मत तिनं द्यायचं. तिलाही ते हवं होतं. हळदीकुंकवाला तर मला बोलवत नाहीत, निदान मताला तरी जाते, म्हणाली. ओव्हरटाइम बुडवून आली होती.

मी उभा राहिलो. म्हणालो, सरकारच्या निवडणुकीत हिच्या बोटाला शाई लावतात. तुमच्याच रांगेत उभी राहून मत देते. मग इथं का नाही?

"अण्णा, सरकारला घरं नसतात. आपल्याला आहेत," अध्यक्ष म्हणाले. मग चिटणिसाला समाजाची वही उघडायला लावली. अण्णांच्या घरी कोण कोण, वाच.

चिटणिसानं वाचलं. माझं नाव, वडिलांच्या नावासकट. खाली, "सून, एक."

"हिचं नावच नाही. मत देऊ कुणाला? आणि असं लिहून दिलंय कुणी?" अध्यक्ष म्हणाले. "स्वल्प, जरा बघा. तुम्हीच."

मीच. बाईचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. भांडी मोजून सांगावीत तसं सांगितलं होतं मी.

तेव्हा तरी तिचं नाव मोठ्यानं घ्यायला हवं होतं. जीभ उचलली नाही. शकुंतला माझ्याकडे बघत होती. वाट बघत होती. मग चपला घातल्या आणि घरी गेली.

मला आई आठवली. देशातली पहिली निवडणूक यायची होती. याद्या करायला एक मास्तर दारावर आला. आईचं नाव विचारलं. बापानं सांगितलं नाही. आईनंही नाही. मास्तर म्हणाला, नुसतं अमक्याची बायको लिहून चालणार नाही. सरी, ठीक आहे, खोडतो. मी चोवीस वर्षांचा, उंबऱ्यातच उभा. मला नाव ठाऊक होतं. गप्प राहिलो. पुढच्या निवडणुकीआधीच आई गेली. तिचा हक्क कुणी हिसकावला नव्हता. तो दारापर्यंत आला होता. आम्ही आत घेतला नाही.

समाजाचा नियम बदलेल असं मला वाटत नाही. मी असेपर्यंत तर नाहीच. तेच अध्यक्ष परत निवडून आले.

घरी शकुंतला तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, वहीतून माझंही नाव काढतो. तुझं नसेल तर माझं नको.

ती वर न बघता म्हणाली, "मामंजी, वहीत नसलेल्या घराला खांदा द्यायला कुणी येत नाही. ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. मीच कितीतरी जणांना दिला आहे.

"म्हणून तर विचारतोय. तुला काय वाटतं?"

घरात बावीस वर्षं होती ती. हे मी पहिल्यांदा विचारलं. तिनं खडे बाजूला सारले.

"काढा. पण आधी माझं नाव घ्या तिथं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलवर गेलो. चिटणीस आणि आणखी दोघं चहा पीत बसले होते. त्यांच्यासमोर सुनेचं पूर्ण नाव घेतलं. ऐकू न आल्यासारखं केलं त्यांनी, म्हणून परत घेतलं. चिटणिसानं लिहून घेतलं नाही. मग मी वही ओढली आणि माझं नाव माझ्या हातानं खोडलं.